चुकीच्या डासांमागची दोन वर्षं

पावसाने उघडीप दिली, की गोरेगाव-सेनगावकडच्या घरोघरी एक ठरलेली तक्रार सुरू होते. संध्याकाळी दारात बसवत नाही, डास फोडून काढतात. मग धूर, अगरबत्ती, कॉइल, मच्छरदाणी असं जे हाताशी असेल ते सुरू होतं. पण चावला तो कोणता डास आणि तो कुठल्या पाण्यात वाढला, हे सहसा कोणी विचारत नाही. डास म्हणजे डास, अशीच आपली समजूत. हाच प्रश्न नीट न विचारल्यामुळे एका जिद्दी डॉक्टरची दोन वर्षं वाया गेली होती. आणि योग्य डास हाती लागल्यावर अवघ्या पाच दिवसांत हिवतापाचं शतकानुशतकांचं कोडं सुटू लागलं.

त्या डॉक्टरचं नाव रोनाल्ड रॉस. ही घटना विलायतेतल्या एखाद्या प्रयोगशाळेत घडलेली नाही. गोरेगाव, हिंगोली, परभणी हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि राजधानीला लागून सिकंदराबादेत इंग्रज फौजेची मोठी छावणी होती. त्या छावणीच्या बेगमपेठेतल्या छोट्या इस्पितळात 20 ऑगस्ट 1897 रोजी रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. आज हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळला जातो.

रॉस यांचा जन्म 13 मे 1857 चा, अल्मोड्याचा. मीरतला उठावाची ठिणगी पडून तेव्हा तीनच दिवस झाले होते. वडील कंपनीच्या फौजेत अधिकारी. दहा भावंडांतले रोनाल्ड थोरले. आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे धाडण्यात आलं. मुलाला कविता, चित्रं, संगीत आणि गणित यांची ओढ, तर वडिलांना त्याला डॉक्टर करायचं होतं. वडिलांचंच खरं झालं. 1874 मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या महाविद्यालयात त्यांचं नाव घातलं गेलं. अभ्यासात फारसं मन नव्हतं. एका परीक्षेत ते नापास झाले, काही काळ अमेरिकेला जाणाऱ्या बोटींवर डॉक्टर म्हणून राहिले, आणि अखेर 1881 मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. त्या परीक्षेतही क्रमांक खालचाच होता. मद्रास इलाखा वाट्याला आला.

सुरुवातीची वर्षं कोणालाही पुढच्या नोबेलची चाहूल लागू नये अशीच गेली. छावणीतल्या डॉक्टरला सकाळचे दोन-तीन तास काम असे. उरलेला दिवस खेळ, कविता, कादंबरी आणि गणिताची पुस्तकं यांत जाई. मात्र 1883 मध्ये बंगळूरला असताना एक साधी गोष्ट घडली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. राहत्या बंगल्यात डासांनी उच्छाद मांडला होता. पाहतात तर खिडकीबाहेरच्या पिंपातल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. पिंप उपडं केलं आणि डास कमी झाले. खूश होऊन त्यांनी छावणीतल्या अधिकाऱ्याला सुचवलं, की भोजनगृहातल्या फुलदाण्या आणि इतर भांड्यांतलं पाणीही असंच ओतून द्यावं. अधिकाऱ्याला हा निसर्गाच्या कामात लुडबुड करण्याचा प्रकार वाटला. त्याने साफ नकार दिला. पाणी ओतून देण्याबाबत घरोघरी आजही साधारण हाच अनुभव येतो, फक्त कारणं बदलली आहेत.

1888 मध्ये रजेवर गेल्यावर त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदविका घेतली आणि जंतुशास्त्राचे धडे गिरवले. 1889 मध्ये रोझा ब्लॉक्सम यांच्याशी विवाह झाला. परत आल्यावर हिवतापाने त्यांचं लक्ष वेधलं. पलटणीतले शिपाई या तापाने महिनोन्‌महिने लोळत पडत. गावागावांत दर पावसाळ्याअखेर थंडी भरून येणारा, अंग तापून घाम सुटून उतरणारा आणि एक दिवस सोडून पुन्हा येणारा ताप ओळखीचा होता. कारण मात्र ठाऊक नव्हतं. दलदलीची घाण हवा बाधते, असं सगळेच मानत. मलेरिया या शब्दाचा इटालियन भाषेतला अर्थच मुळी वाईट हवा असा आहे.

जंतू सापडलेला नव्हता असं नाही. 1880 मध्ये अल्जीरियात लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरने रुग्णांच्या रक्तात तो पाहिला होता. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनीही 1880 च्या दशकाअखेर इथल्या रुग्णांच्या रक्तात तो पाहून वर्णन लिहिलं होतं. हे कार्टर म्हणजे ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातली चित्रं काढणारे. रॉस यांना मात्र आपल्या सूक्ष्मदर्शकात असलं काही दिसेना. न दिसल्यामुळे त्यांनी असा जंतू नसतोच, ताप आतड्यातल्या बिघाडामुळे येतो, अशा अर्थाचे लेख छापून टाकले. पुढे ज्यांनी या जंतूचा प्रवास उलगडला, त्यांनी आधी त्याचं अस्तित्वच नाकारलं होतं.

1894 मध्ये लंडनला गेल्यावर ते डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांना भेटले. मॅन्सन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवून चंद्रकोरीच्या आकाराचे जंतू दाखवले. गंभीर प्रकारच्या हिवतापात रुग्णाच्या रक्तात या कोरी आढळतात. मॅन्सन यांनी 1877 च्या सुमारास चीनमध्ये हत्तीरोगाची अळी माणसाच्या रक्तातून डासाच्या शरीरात जाऊन वाढते, हे दाखवून दिलं होतं. हिवतापाचा जंतूही डासातच जात असावा, असा त्यांचा तर्क होता. तर्क अर्धा बरोबर, अर्धा चुकीचा. डासाची मादी आयुष्यात एकदाच रक्त पिते, अंडी घालून पाण्यात मरते आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, असं त्यांना वाटे. प्रत्यक्षात मादीला अंड्यांच्या प्रत्येक खेपेसाठी रक्त लागतं, त्यामुळे ती दर दोन-तीन दिवसांनी चावते. नर मात्र फुलांच्या रसावर जगतो, तो चावतच नाही.

मॅन्सन यांचा तर्क डोक्यात घेऊन रॉस एप्रिल 1895 मध्ये सिकंदराबादेत 19 व्या मद्रास इन्फन्ट्रीत रुजू झाले. पुढच्या चार वर्षांत गुरुशिष्यांत दीडशेहून अधिक पत्रं झाली. कामाची पद्धत अशी. अळ्या आणून बाटलीत वाढवायच्या, म्हणजे बाहेर पडलेला डास कोणालाही चावलेला नसतो. रक्तात कोरी असलेल्या रुग्णाला मच्छरदाणीत झोपवायचं आणि ते डास आत सोडायचे. रक्त पिऊन फुगलेले डास पकडून ठेवायचे आणि मग एकेक डास चिरून त्याचं पोट, आतडी, स्नायू पेशीगणिक तपासायचे. एका डासाला दोन-दोन तास लागत. पंखा वापरता येत नसे, कारण वाऱ्याने डास उडून जात. कपाळावरच्या आणि हातांच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, भिंगाला तडा गेला.

रुग्णांना चाव्याचे पैसे मिळत, एका डासामागे एक आणा. मॅन्सन यांची पाण्याची कल्पना तपासण्यासाठी डास मेलेलं पाणी माणसांना पाजण्याचे प्रयोगही झाले. लक्ष्मण नावाच्या एका निरोगी तरुणाला ते पाजलं, त्याला थोडा ताप आला, पण रक्तात जंतू सापडले नाहीत. आज कोणतीही नीती समिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. विज्ञानाच्या या मोठ्या शोधाचा पाया गरीब शिपायांच्या आणि नोकरांच्या अंगावर रचला गेला, हे शोधाचं कौतुक करताना विसरता येत नाही.

एवढे कष्ट करूनही हाती काही येत नव्हतं. महिने गेले. शेकडो डास चिरून झाले, जंतूचा पत्ता नाही. दोष डासांच्या जातीत होता. रॉस यांना कीटकशास्त्र येत नव्हतं. छावणीत डासांवरचं पुस्तकही नव्हतं. त्यांनी डोळ्यांना दिसलं तसं वर्गीकरण केलं होतं: करडे डास आणि पट्टेरी डास. हे दोन्ही घराजवळ भरपूर मिळत, म्हणून तेच वापरले जात. आजच्या भाषेत करडे म्हणजे क्युलेक्स, जे गटारात, शोषखड्ड्यात, साचलेल्या घाण पाण्यात वाढतात आणि हत्तीरोग पसरवतात. पट्टेरी म्हणजे एडिस, काळ्या अंगावर पांढरे पट्टे असणारे, दिवसा चावणारे, डेंगी आणि चिकुनगुन्या देणारे. माणसाचा हिवताप या दोघांच्याही पोटात वाढूच शकत नाही. जंतूने कितीही रक्तासोबत आत प्रवेश केला तरी तिथे तो पचून जातो. दोन वर्षं रॉस अशा घराचं दार ठोठावत होते, जिथे तो पाहुणा कधी उतरलाच नव्हता.

मध्येच सप्टेंबर 1895 मध्ये कॉलऱ्याच्या बंदोबस्तासाठी त्यांना बंगळूरला पाठवलं गेलं. पुढचा बराच काळ शहराची गटारं आणि विहिरी यांत गेला. 1897 च्या उन्हाळ्यात रजा घेऊन ते उटीच्या बाजूला गेले. तिथल्या सिगूर घाटात हिवतापाचा जोर असे. तिथे त्यांनी पंखांवर ठिपके असलेला वेगळाच डास पाहिला, आणि हिवतापाने स्वतःच आजारी पडले. जूनमध्ये ते सिकंदराबादेत परतले.

ऑगस्टच्या मध्यावर त्यांच्या एका माणसाने कुठूनशी अळ्यांची बाटली भरून आणली. त्यातून बाहेर पडलेले डास नेहमीचे नव्हते. पंखांवर ठिपके, आणि भिंतीवर बसताना डोकं खाली, शेपूट वर, जणू खिळा तिरका ठोकलाय. इस्पितळातल्या देशी सहायकाने भिंतीवर असाच बसलेला एक डास त्यांना बोट करून दाखवला. हा ॲनोफिलीस. 16 ऑगस्टला हुसेन खान या रुग्णाच्या अंगावर असे दहा डास सोडले गेले. दहा डासांचे दहा आणे झाले.

पुढच्या दिवसांत काही डास चिरले गेले, काही आपोआप मेले. 20 तारखेला दुपारी रॉस यांनी उरलेल्यांपैकी एकाचं पोट उघडलं. बहुतेक भाग पाहून झाला होता. मग पोटाच्या भिंतीत एक गोल पेशी दिसली, मग आणखी काही. प्रत्येकीत काळ्या रंगाचे बारीक कण. इथेच खरी मेख आहे. हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरून तिच्यातलं हिमोग्लोबिन खातो आणि त्यातल्या लोहाचं काळपट रंगद्रव्य मागे उरतं. हेच कण रुग्णाच्या रक्तात लाव्हरांपासून सर्वांनी पाहिले होते. डासाच्या स्वतःच्या पेशीत ते असण्याचं काही कारण नव्हतं. म्हणजे ही पेशी डासाची नव्हती. दुसऱ्या दिवशी, 21 तारखेला, शेवटचा डास चिरला. त्यातल्या पेशी आदल्या दिवसापेक्षा मोठ्या होत्या. काल होता तो आज वाढलेला, म्हणजेच जिवंत. त्या रात्री त्यांनी कविता लिहिली.

शोधाची टिपणी डिसेंबर 1897 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. दरम्यान सरकारने या डॉक्टरचा केलेला सत्कार म्हणजे बदली! सप्टेंबरमध्येच त्यांना राजपुताण्यातल्या खेरवाड्याला धाडण्यात आलं, जिथे हिवताप फारसा नव्हताच. ज्या माणसाच्या हातात धागा नुकताच आला होता, त्याला धागाच नसलेल्या गावी नेऊन बसवलं. मॅन्सन यांनी लंडनमधून वजन खर्च केलं, तेव्हा 1898 च्या सुरुवातीला कलकत्त्यात विशेष कामगिरी आणि एक प्रयोगशाळा मिळाली.

कलकत्त्यात नवी अडचण उभी राहिली. मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं, त्याची धास्ती आणि लसीबद्दलच्या अफवा सगळीकडे पसरल्या होत्या. बोटाला सुई टोचायला आलेला गोरा डॉक्टर पाहिला, की लोक पळत. हिवतापाचे रुग्ण मिळेनात. रॉस यांनी मग पक्ष्यांकडे मोर्चा वळवला. चिमण्यांनाही हिवतापाच्या जातीचा एक जंतू होतो. त्यावर काम करताना एक गंमतच झाली. माणसाच्या हिवतापात ज्यांनी दोन वर्षं दगा दिला, तेच करडे क्युलेक्स डास पक्ष्यांच्या जंतूचे खरे वाहक निघाले. जंतू आणि डास यांची जोडी ठरलेली असते, हे यातून आणखी पक्कं झालं.

पोटाच्या भिंतीतली पेशी फुटल्यावर त्यातून बाहेर पडणारे हजारो सूक्ष्म धागे कुठे जातात, याचा माग काढत रॉस आणि त्यांचे सहायक महंमद बक्ष जुलै 1898 मध्ये डासाच्या डोक्याजवळच्या लाळग्रंथीपर्यंत पोचले. धागे तिथे गच्च भरले होते. डास चावताना आधी लाळ सोडतो, रक्त गोठू नये म्हणून. त्या लाळेबरोबर जंतू आत जातात. पिण्याच्या पाण्याचा तर्क तिथेच निकालात निघाला. अशा डासांनी निरोगी चिमण्यांना चावू दिलं, आणि चिमण्या आजारी पडल्या. त्याच महिन्यात मॅन्सन यांनी एडिंबरोच्या वैद्यकीय परिषदेत ही बातमी जाहीर केली.

माणसाच्या बाबतीतलं पूर्ण वर्तुळ मात्र रॉस यांनी नव्हे, तर इटलीच्या ग्रास्सी, बिग्नामी आणि बास्तियानेल्ली यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस पूर्ण केलं. माणसाचा हिवताप ॲनोफिलीसच पसरवतो, हे त्यांनी जातीनिशी सिद्ध केलं. 1900 मध्ये रोमहून आणलेले बाधित डास लंडनमध्ये मॅन्सन यांच्या मुलाला चावू दिले, तो आजारी पडला आणि उरलीसुरली शंका फिटली. पण श्रेयाचा वाद पेटला तो विझलाच नाही. रॉस यांनी ग्रास्सींवर चोरीचे आरोप केले, ग्रास्सींनीही उत्तरं दिली. 1902 चं नोबेल एकट्या रॉस यांना मिळालं. ब्रिटनच्या वाट्याला आलेलं वैद्यकाचं ते पहिलं नोबेल, आणि ते घेणारा माणूस भारतात जन्मलेला. लाव्हरां यांना ते 1907 मध्ये मिळालं, ग्रास्सींना कधीच नाही. निष्पक्षपणे पाहिलं तर वाट रॉस यांनी दाखवली, आणि माणसांपुरतं शेवटचं अंतर इटालियनांनी कापलं.

1899 मध्ये भारत सोडून रॉस लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात गेले. तिथून पुढची त्यांची कामगिरी सिकंदराबादच्या शोधाइतकीच मोलाची आहे, पण तिची चर्चा कमी होते. सिएरा लिओन, सुएझ कालव्याकाठचं इस्माइलिया, मॉरिशस अशा ठिकाणी ते डासनियंत्रण शिकवत फिरले. सगळीकडे एकच आक्षेप समोर येई: अख्ख्या देशातले डास कोण मारणार? रॉस यांनी लहानपणी आवडलेलं गणित बाहेर काढलं. मॉरिशसचा 1908 चा अहवाल आणि 1911 च्या ग्रंथात त्यांनी समीकरणांनी दाखवलं, की सगळे डास मारायची गरजच नाही. एका रुग्णापासून सरासरी एकाहून कमी नवे रुग्ण तयार होतील इतके डास कमी केले, की रोग आपोआप ओसरतो. कोरोनाच्या काळात टीव्हीवर रोज ऐकू येणारा संसर्गाचा आकडा याच हिशेबाचा वंशज आहे.

या गणितात डासाच्या संख्येपेक्षा त्याच्या आयुष्याला जास्त वजन आहे, हे पुढे स्पष्ट झालं. रक्त पिल्यापासून जंतू लाळग्रंथीत पोचायला आपल्याकडच्या हवामानात साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. मादी डास जगते दोन-चार आठवडे. म्हणजे फक्त म्हाताऱ्या माद्याच रोग देतात. रक्त पिऊन भिंतीवर विसावलेली मादी आठवड्याभरात मेली, तर ती कितीही वेळा चावली असली तरी निरुपद्रवी ठरते. आरोग्य कर्मचारी घराच्या आतल्या भिंतींवर, गोठ्यात औषध का फवारतात, याचं उत्तर इथे आहे. फवारलेल्या भिंतीला लगेच शेणाचा किंवा चुन्याचा हात दिला, की तो सगळा हिशेब पुसला जातो.

दुसरा भाग पाण्याचा. मराठवाड्यात ग्रामीण हिवतापाचा मुख्य वाहक ॲनोफिलीस क्युलिसिफेसिस हा आहे. त्याला गटार नको असतं. त्याला ओढ्याच्या काठची स्वच्छ डबकी, कालव्याची झिरप, पाऊस ओसरल्यावर नदीपात्रात राहिलेले खड्डे, विहिरी हवे असतात. त्याच्या चुलत भावाला, स्टिफेन्सायला, शहरातल्या टाक्या आणि विहिरी आवडतात. मुंबईत 1911 मध्ये डॉ. बेंटले यांनी शहराचा हिवताप विहिरींतून येतो असं दाखवून दिलं, तेव्हा विहिरी झाकण्यावरून धार्मिक भावनांपर्यंत वाद गेले. उलट डेंगीचा एडिस घरातच वाढतो. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेला ड्रम, रांजण, कूलर, छतावरचं टायर, फ्रिजमागचा ट्रे ही त्याची घरं. गटारावर फवारणी झाली म्हणून डेंगी थांबत नाही, कारण डेंगीचा डास गटारात नसतोच. रॉस यांची चूक आजही गावोगाव होते, ती अशी.

ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. हौदात वाकून पाहिलं तर पुरे. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगणारी अळी ॲनोफिलीसची. डोकं खाली करून नळीच्या टोकाने पृष्ठभागाला लटकलेली अळी क्युलेक्सची किंवा एडिसची. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उन्हा-पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करायची ती यासाठी. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटलेली असतात आणि सुकूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. मोठ्या विहिरीत गप्पी मासे सोडले की अळ्या फस्त होतात. ताप आला, तर तो कोणत्या डासाचा हे अंदाजाने ठरवायचं नसतं, रक्ताचा नमुना द्यायचा असतो. हिवताप असेल तर त्याच्या जातीनुसार गोळ्या बदलतात, आणि ताप उतरला तरी डोस पूर्ण करावा लागतो, नाहीतर रक्तातले किंवा यकृतात दडलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात.

रॉस यांचा स्वभाव त्यांच्या कामाइतका पथ्याचा नव्हता. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत डासनियंत्रणाचा प्रयोग फसला असं सरकारी डॉक्टरांनी जाहीर केलं, तेव्हा काम अर्धवट आणि चिंगूसपणे केलं म्हणून ते कडाडून तुटून पडले. त्यात तथ्य होतं, पण भाषा माणसं दुखावणारी होती. ज्या मॅन्सन यांनी बोट धरून रस्ता दाखवला, त्यांच्याशीही बिनसलं, 1912 मध्ये गोष्ट कायदेशीर कारवाईपर्यंत गेली. देवीच्या लसीबद्दल जेन्नर यांना ब्रिटिश संसदेने तीस हजार पौंड दिले होते, मग मला का नाही, म्हणून त्यांनी सरकारकडे अर्ज केला. तो फेटाळला गेला. सरदारकी मिळाली, मान मिळाला, पण शेवटची वर्षं पैशाच्या चणचणीत गेली आणि आपली कागदपत्रं विकण्याची वेळ आली. थोरला मुलगा पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यात, ऑगस्ट 1914 मध्ये, फ्रान्सच्या भूमीवर मारला गेला होता.

1927 च्या जानेवारीत ते पुन्हा एकदा भारतात आले. कलकत्त्यात ज्या इस्पितळाच्या आवारात चिमण्यांवर प्रयोग केले, तिथल्या स्मारक-कमानीचं अनावरण त्यांच्या उपस्थितीत झालं. आदल्याच वर्षी लंडनला त्यांच्या नावाची संस्था सुरू झाली होती. पत्नी 1931 मध्ये वारल्या. पुढच्या वर्षी, 16 सप्टेंबर 1932 रोजी, त्याच संस्थेत रॉस यांचं निधन झालं. वय 75 होतं. लंडनच्या पटनी व्हेल दफनभूमीत पत्नीशेजारी त्यांना पुरण्यात आलं. बेगमपेठेतली ती बैठी इमारत अजून उभी आहे. ती उस्मानिया विद्यापीठाकडे आहे, आणि 1997 मध्ये शोधाच्या शताब्दीच्या निमित्ताने तिची डागडुजी झाली.